पिटांतला प्रेक्षक आणि तेलुगू ‘पुष्पा’

५ डिसेंबर २०२४ रोजीं ‘पुष्पा २’ हा तेलुगू चित्रपट साऱ्या देशांत एकदम प्रदर्शित झाला आणि नाशकांतल्या सुशिक्षित घरांतून एक जुनें भांडण नव्यानें सुरू झालें. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पाळी संपवून सुटलेला कामगार, कॉलेज रोडवरचा विद्यार्थी, पंचवटींतला भाजीविक्या यांनीं चित्रगृहें भरून टाकलीं; आणि गंगापूर रस्त्यावरच्या दिवाणखान्यांतून वडील मंडळी विचारूं लागली कीं, एका चंदनचोराची ही आरती कशासाठीं? नातवानें चित्रपट दोनदां पाहिलेला, आजोबांनीं एकदांही नाहीं. आणि तरी मत दोघांचेंही पक्कें! न पाहतां मत देणें ही सुशिक्षितांची फार जुनी खोड आहे. परंतु जे पाहून आले त्यांचीं मतें नीट ऐकून घेणारेही थोडेच. वास्तविक तीं ऐकण्यासारखीं आहेत, कारण ज्याला आपण सरसकट ‘पिटांतला प्रेक्षक’ म्हणून मोकळे होतो, त्या प्रेक्षकाचें मत एक नसतें.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं कथेचा सांगाडा थोडक्यांत सांगावयास हवा. रक्तचंदनाची बाहुली सहाणेवर उगाळून सुजेवर लेप देणारी आजी महाराष्ट्रांत घरोघर होती. तेंच हें लाकूड. निसर्गतः तें पूर्वघाटाच्या दक्षिण भागांतच वाढतें, परदेशांत त्याला मोठें मोल येतें, आणि म्हणून आंध्रांतील शेषाचलमच्या डोंगरांत त्याची चोरटी तोड चालते. पुष्पा हा तेथला एक मजूर. बाप मोठ्या घरचा. पण आई लग्नाची नव्हे म्हणून सावत्र भावांनीं त्याला घराण्याचें नांव नाकारलें. डिसेंबर २०२१ मध्यें आलेल्या पहिल्या भागांत हा मजूर लाकूड तोडतां तोडतां टोळीचा नायक होतो. दुसऱ्या भागांत तो इतका मोठा झाला आहे कीं, बायकोच्या हौसेखातर मुख्यमंत्र्याबरोबर छायाचित्र काढावयास गेला असतां नकार मिळतांच, तो मुख्यमंत्रीच बदलण्याचा विडा उचलतो. दिग्दर्शक सुकुमार, नायक अल्लू अर्जुन, नायिका रश्मिका मंदान्ना, आणि पाठलाग करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेंत मल्याळी नट फहाद फासिल. लांबी तीन तास वीस मिनिटें.

ही लांबी अनेकांना असह्य वाटली. परंतु पैसे मोजून येणाऱ्या प्रेक्षकाचा हिशेब वेगळा असतो, आणि तो हिशेब चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेस लागला तेव्हां पहिल्या दिवसाचें उत्पन्न अवघें तीन रुपये झालें असें सांगतात. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणाऱ्या सुरतकरांना दीड तासाच्या खेळास तीन आणे देणें म्हणजे फसवणूक वाटली. तेव्हां दादासाहेब फाळके यांनीं खेळ लांबविला नाहीं, भावही उतरविला नाहीं. या चित्राची पट्टी दोन मैल लांब आहे व तींत सत्तावन्न हजार छायाचित्रें आहेत, अशी जाहिरात केली, आणि लोक लोटले! ‘पैसा वसूल’ हा शब्द उच्चभ्रू समीक्षेला खालच्या पायरीचा वाटतो. पण महिनाअखेर ज्याला चौघांच्या कुटुंबाचीं तिकिटें काढावयाचीं असतात, त्याच्या तोंडीं तो शब्द हिशेबाचा असतो, रुचीचा नव्हे.

नाशिकचा आणि दक्षिणेचा चित्रपटसंबंधही आजचा नाहीं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या फाळक्यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘हरिश्चंद्र’ लोकांपुढें ठेवला आणि त्यानंतर लौकरच आपला कारखाना नाशकास आणला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हीं चित्रें नाशकांतच तयार झालीं. १९१७ च्या ‘लंकादहना’नें तर कहर केला. मद्रासेंत या खेळाचें उत्पन्न नाण्यांच्या पोत्यांनीं बैलगाडींत भरून, पोलिसांच्या पहाऱ्यांत न्यावें लागलें, अशी गोष्ट चित्रपटाच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. राम पडद्यावर येतांच लोक पायांतील वहाणा काढीत. मद्रासी प्रेक्षकाला मराठी येत नव्हतें, आणि येण्याची गरजही नव्हती. मुका मारुति सर्व भाषांत सारखाच उड्डाण करी. १९३१ मध्यें पडदा बोलूं लागला आणि भाषांच्या भिंती उभ्या राहिल्या. गंमत अशी कीं, पहिला तेलुगू बोलपट ‘भक्त प्रह्लाद’ हा मुंबईंतच तयार झाला, आणि ज्या १९३२ सालीं तो निघाला त्याच सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपटही आला. जुळीं भावंडेंच म्हणावयाचीं. पण पुढें एकमेकांची भाषा त्यांना कळेनाशी झाली. स्वतः फाळके यांनीं बोलपट एकच केला, १९३७ चा ‘गंगावतरण’, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकांत त्यांचा अंत झाला.

या भिंतीला भगदाड पाडलें तें दूरचित्रवाणीनें. तेलुगू मुलखांत मारामारीच्या, नायकाच्या एकेका पावलावर शिट्टी वाजावी अशा बेतानें रचलेल्या चित्रपटांना ‘मास’ म्हणतात. नागार्जुन यांचा २००४ चा एक चित्रपट तर ‘मास’ याच नांवाचा आहे. त्याची हिंदी आवृत्ति ‘मेरी जंग’ या नांवानें दूरचित्रवाणीवर इतक्यांदा दाखविली गेली कीं, घरोघरच्या मुलांना ती तोंडपाठ झाली. दुपारीं वडील माणसें वामकुक्षी घेत असतां मुलें हे हिंदी बोल चढविलेले तेलुगू चित्रपट पाहत मोठीं झालीं. मग २०१५ आणि २०१७ मध्यें ‘बाहुबली’चे दोन भाग आले, २०२२ मध्यें ‘आर आर आर’ आला, आणि वडील मंडळींना वाटलें कीं ही लाट अकस्मात् उसळली. ती अकस्मात् मुळींच नव्हती. ती त्यांच्याच बैठकीच्या खोलींत, त्यांच्या घोरण्याच्या साथीनें, दहा-पंधरा वर्षें वाढत होती.

‘पुष्पा’च्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. नाशिकच्या प्रेक्षकाला जो पुष्पा ऐकूं येतो त्याचा आवाज श्रेयस तळपदे या मराठी नटाचा आहे. ‘इक्बाल’मधील मुक्या गोलंदाजाच्या भूमिकेनें २००५ मध्यें जो नट देशभर नांवारूपास आला, तो येथें केवळ आवाजानें राज्य करतो, हा दैवाचा एक विनोदच. उलट सातारा जिल्ह्यांतील सयाजी शिंदे यांना तेलुगू प्रेक्षक वर्षानुवर्षें आपल्यांतलाच एक नट मानीत आला आहे. तेलुगू कथा, मुंबईच्या वळणाची हिंदी, मराठी गळा आणि नाशिकचा श्रोता, अशी ही चौपदरी वीण आहे. तिला नुसतें ‘मद्रासी धिंगाणा’ म्हणून हिणवणारा भूगोलांतही चुकतो.

आतां मतांकडे वळावें. तरुणांचें मत सर्वांत सोपें आणि सर्वांत मोठ्यानें सांगितलेलें: नायक वांकत नाहीं. हनुवटीखालून उलटा हात फिरविण्याची त्याची लकब २०२२ पर्यंत शाळेंतल्या मुलांपासून नेत्यांच्या भाषणांपर्यंत पोंचली. त्या वर्षींच्या गणेशोत्सवांत पुष्पाच्या ढंगाच्या गणेशमूर्तीही दिसल्या, आणि त्यावरून रागावणारेही निघाले. ज्याला दिवसांतून दहा वेळां मुकादमापुढें, खिडकींतल्या कारकुनापुढें, हप्ता मागणाऱ्यापुढें मान लववावी लागते, त्याला तीन तास कुणीतरी न वांकणारा पाहावासा वाटला तर त्यांत नवल कसलें? मात्र हेच तरुण पहिल्या भागाला दुसऱ्याहून सरस ठरवितात, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांना ठाऊक नसते. पहिल्या भागांत पुष्पा मजूर होता, त्याच्या खांद्याला रग लागे, त्याला हरण्याची भीति होती. दुसऱ्या भागांत तो हरणारच नाहीं हें पहिल्या पांच मिनिटांत कळतें. खुद्द पोलीस अधिकारी, ज्याच्या आगमनानें पहिल्या भागाचा शेवट धारदार झाला होता, तो येथें पुष्कळसा विदूषक होतो आणि अर्ध्यावरच निकालांत निघतो, ही तक्रार तर चहाच्या टपरीवरही ऐकूं येई. समीक्षकानें याहून वेगळें काय सांगितलें असतें?

स्त्रियांचें मत दुसऱ्याच जागीं अडलें. चित्रपटाच्या मध्यावर तिरुपतीच्या गंगम्मा देवीची जत्रा आहे. त्या जत्रेंत पुरुष स्त्रीवेष धारण करून देवीचा नवस फेडतात, ही तेथली खरी प्रथा. नायक निळा रंग माखून, साडी नेसून, लिंबांच्या माळा घालून नाचतो. उत्तरेंतल्या कांहीं लेखकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागला. नाशिकच्या बाईला तो सांगावा लागला नाहीं. कोजागिरीच्या रात्रीं सप्तशृंगगडावर तृतीयपंथी भक्तांचा छबिना निघतो, सौंदत्तीच्या यल्लम्मेचे जोगते साडी नेसून परडी घेऊन दारीं येतात; देवीपुढें पुरुषानें लुगडें नेसावें यांत तिला हंसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. म्हणून ज्या क्षणीं पिटांत शिट्ट्या वाजत होत्या त्याच क्षणीं कित्येक बायकांचे हात जोडले गेले. शंभर वर्षांपूर्वीं वहाणा काढणारा प्रेक्षक तो हाच.

पण याच स्त्रिया पुढें एका वाक्यावर थबकल्या. नायक देवीपाशीं मुलगी मागतो. कां? तर मुलगा झाला तर त्यालाही आपल्यासारखें बिननांवाचें जगावें लागेल. मुलीला निदान लग्नानंतर नवऱ्याचें नांव मिळेल! ऐकावयास हें करुण आहे, पण विचार केला तर विचित्र आहे. ज्या आईनें त्याला वाढविलें तिचें नांव लावावें असें या शूर माणसाला तीन तासांत एकदांही सुचत नाहीं. जगाला न वांकणारा हा गडी बापाच्या आडनांवापुढें मात्र आरंभापासून शेवटपर्यंत वांकलेला आहे, आणि शेवटीं भावाच्या घरून तें नांव मिळालें तेव्हां त्याच्या डोळ्यांना पाणी येतें. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें असा निर्णय केला कीं, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नांवापुढें सरकारी कागदांत आधीं आईचें नांव, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव लिहावें. त्याच वर्षाच्या अखेरीस या राज्यांतल्या लाखों लोकांनीं बापाच्या नांवासाठीं चाललेलें हें रडणें टाळ्या वाजवून पाहिलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कायदा एका दिवसांत बदलतो. नांवाचा डंख तसा जात नाहीं. ज्यांच्या घराण्याला नांव आहे त्यांना पुष्पाचें दुःख कृत्रिम वाटलें, आणि ज्यांना शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर आडनांव लिहितांना समोरच्याचा चेहरा बदललेला दिसला आहे, त्यांना तें वाटलें नाहीं. या चित्रपटावरच्या मतभेदाची खरी रेघ वयाच्या किंवा शिक्षणाच्या नव्हे, या अनुभवाच्या काठानें गेलेली आहे.

राहिला चंदनचोराच्या आरतीचा आक्षेप. तो खोटा नाहीं, परंतु बहुधा चुकीच्या जागीं घेतला जातो. मुलें चित्रपट पाहून लाकूडचोर होतील ही भीति फोल आहे; १९३५ मध्यें नादियाचा चाबूक पाहून कोणी हंटरवाली झाली नाहीं, आणि मास्टर विठ्ठल यांच्या तलवारबाजीनें मूकपटाच्या काळांत गिरण्यांतला कामगार दरोडेखोर बनला नाहीं. आक्षेप घ्यावयाचा तो निराळा. शेषाचलमच्या त्याच डोंगरांत ७ एप्रिल २०१५ रोजीं आंध्र पोलिसांच्या गोळीबारांत वीस माणसें मारलीं गेलीं. रक्तचंदन तोडणारे म्हणून तीं मारलीं गेलीं. बहुतेक सारीं तमिळनाडूंतून मजुरीसाठीं आलेलीं गरीब माणसें होतीं. ही चकमक खरी होती कीं खोटी, यावर पुढें चौकशा आणि वाद झाले. पडद्यावर मजुराचा राजा होतो. डोंगरांत मजुराचें प्रेत होतें, आणि राजे दुसरेच कोणीतरी असतात. पहिल्या भागांत त्या मजुराची सावली तरी होती. दुसऱ्यांत ती पुसली गेली. हें ज्याला खटकलें तो प्रेक्षकही पिटांतच बसला होता.

सुशिक्षितांचा तिरस्कार मराठी चित्रपटांनींही सोसला आहे. १९७१ मध्यें दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला तेव्हां सभ्य घरांतून त्याचें नांव हलक्या आवाजांत घेतलें जाई. त्यांच्या चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकांत झाल्यावर मात्र तीच घरें अभिमानानें तो आंकडा सांगूं लागलीं. २०१६ मध्यें नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’नें लोकांना पडद्यासमोर नाचविलें आणि शेवटीं एकदम गप्प बसवून घरीं पाठविलें. तें गप्प बसविणें तेलुगू ‘मास’ चित्रपटाला अजून साधलेलें नाहीं. त्याला तें साधावयाचेंच नाहीं, असेंही म्हणतां येईल.

‘पुष्पा २’च्या हिंदी आवृत्तीनें देशांत आठशें कोटी रुपयांहून अधिक निव्वळ उत्पन्न मिळविलें, आणि तोंवर कोणत्याही मूळ हिंदी चित्रपटालाही तितकें मिळालें नव्हतें, असा धंद्यांतला हिशेब आहे. पहिल्या भागासाठीं अल्लू अर्जुन यांना उत्कृष्ट नटाचें राष्ट्रीय पारितोषिक २०२३ मध्यें जाहीर झालें. तेलुगू नटाला तें प्रथमच मिळालें. या वैभवाला एक डाग आहे. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं हैदराबादच्या संध्या चित्रगृहांत आगाऊ खेळ होता. नायक स्वतः आले. गर्दी लोटली, चेंगराचेंगरी झाली. मुलाच्या हौसेसाठीं आलेली पस्तीस वर्षांची एक आई तींत गेली, आणि तो लहान मुलगा अत्यवस्थ होऊन दीर्घकाळ रुग्णालयांत राहिला. १३ डिसेंबर रोजीं नायकास अटक झाली. अंतरिम जामीन मिळून दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुटका झाली. दोष कोणाचा हें न्यायालय ठरवील. पण चित्रपटाविषयींच्या मतांची मोजदाद करतांना, त्या मुलाचें मत कोणी विचारलें नाहीं.

नाशिक जिल्ह्यानें अशा वेडाचा धोका वर्षभर आधींच पाहिला होता. १२ नोव्हेंबर २०२३ रोजीं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं, मालेगांवच्या एका चित्रगृहांत ‘टायगर ३’ चालू असतां प्रेक्षकांनीं आंतच फटाके उडविले. लोक जीव घेऊन पळाले, पोलिसांनीं गुन्हा नोंदविला, आणि सलमान खान यांना असें करूं नका म्हणून जाहीर विनंति करावी लागली. ‘असले हे लोक!’ म्हणून नाशकांत पुष्कळांनीं मान हलविली. परंतु मालेगांव एवढ्यावर संपत नाहीं. यंत्रमागांच्या खडखडाटांत आठवडा काढणारें, शुक्रवारीं माग बंद राहिले कीं चित्रगृहाकडे धांवणारें हें गांव नुसतें पाहतच नाहीं, स्वतः चित्रपट काढतें. शेख नासिर यांनीं तेथल्याच माणसांना घेऊन, सायकलीवर कॅमेरा बांधून ‘मालेगांव के शोले’ काढला. पुढें ‘मालेगांव का सुपरमॅन’ काढला, त्यांत मागावर काम करणारा एक कृश तरुण सुपरमॅन झाला. त्यावर निघालेला माहितीपट देशोदेशीं दाखविला गेला, आणि २०२५ मध्यें त्याच कहाणीवर मोठा हिंदी चित्रपटही आला. फटाके फोडणारे आणि कॅमेरा बांधणारे एकाच गल्लींतले. एकाला पाहून दुसऱ्याची किंमत ठरवूं गेलें तर हिशेब चुकतो.

‘पुष्पा’च्या तिसऱ्या भागाचें नांव दुसऱ्याच्या शेवटींच पडद्यावर झळकून गेलें आहे. तो केव्हां येईल तेव्हां येवो. नाशकांत मात्र आजोबांना अखेर नातवानें घरच्या पडद्यावर दुसरा भाग दाखविलाच. आरंभीं पुष्पा चंदनाच्या पेटींत बसून जपानच्या बंदरांत उतरतो व तेथें तुंबळ मारामारी करतो. ती पाहून आजोबा म्हणाले, या जपानी भांडणाचें पुढें काय झालें? नातू गप्प बसला. कारण चित्रगृहांतून बाहेर पडतांना दोन्ही वेळां त्यानेंही मित्रांना हाच प्रश्न विचारला होता.